घरातलं धान्य आणि ताटातलं जेवण

पाऊस लागून राहिला आणि आठवडी बाजार भरला नाही, पगार लांबला, घरात दुखणं आलं, हातातलं काम सुटलं, की प्रत्येक घरात एकच विचार सुरू होतो: आहे त्यात किती दिवस निघतील? डबे उघडून पाहिले जातात, पिठाचा अंदाज घेतला जातो, डाळ जपून वापरायचं ठरतं. महाराष्ट्रातल्या घरांनी हा विचार पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. त्यातून साठवणीच्या पद्धती आल्या, वाळवणं आली, पिठलं-भाकरी आणि आमटी-भातासारखी जेवणं आली. हे ज्ञान मोठं आहे आणि आजही उपयोगाचं आहे. पण त्याचं कौतुक करताना एक गोष्ट नेहमी निसटते. घरात धान्य असलं म्हणजे घरातल्या प्रत्येकाला पुरेसं आणि पोषक जेवण मिळतंच असं नाही. धान्याला डाळीची जोड लागते, ते टिकवण्याची माहिती लागते, इंधन-पाणी लागतं, रांधणारीचा वेळ लागतो आणि वाढताना न्याय लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी भरल्या घरात कुणीतरी अर्धपोटी राहतं. घरातल्या साठ्यावर कुटुंब जगवण्याच्या प्रश्नाचा आढावा घेताना या सगळ्या बाजू एकत्र पाहायला हव्यात.

बेगमीची रीत

साठवण प्रत्येक भागात तिथल्या हवामानाप्रमाणे घडली. कोकणात चार महिने धो-धो पाऊस, ओढ्या-नद्यांनी वाटा अडलेल्या, समुद्र खवळलेला. म्हणून मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, खरेदी व्हायची: मीठ, मिरची, कांदे, कडधान्यं, सुकी मासळी. पश्चिम किनाऱ्यावर आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, तेव्हा सुके बोंबील, जवळा, सोडे आणि सुकट हीच कोळीवाड्यांपासून घाटमाथ्यापर्यंतच्या घरांची मासळी असते. फणसाच्या आठळ्या मातीत किंवा वाळूत ठेवायच्या, गरे मिठाच्या पाण्यात मुरवायचे, आंबा-फणसाची साठं घालायची, रातांब्यांची आमसुलं करायची. यातलं काही चवीपुरतं होतं, पण बरंचसं पावसाळ्यातल्या रोजच्या जेवणासाठीच असायचं. गोव्यात याच तयारीला पुरुमेंत म्हणतात. मे महिन्याच्या अखेरीस मडगावात भरणारी पुरुमेंताची जत्रा पूर्वी याच खरेदीसाठी भरायची. सुकी मासळी, सोलं, चिंच, माळेत ओवलेले कांदे आणि मिरच्या तिथून घरी आल्या की पावसाची धास्ती कमी व्हायची.

देशावर आणि मराठवाड्यात हवा कोरडी, पण पाऊस बेभरवशाचा. तिथली साठवण चार महिन्यांची नव्हती, वर्षाची होती. सुगी संपली की ज्वारी बळदात जायची किंवा जमिनीत खोल खणलेल्या पेवात. बळद म्हणजे वाड्यातली धान्याची बंद खोली. वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून लागेल तसं काढायचं, त्यामुळे जुनं धान्य आपोआप आधी वापरलं जायचं. लहान घरांत बांबूच्या किंवा तुराट्यांच्या विणलेल्या, शेणामातीनं लिंपलेल्या कणग्या असत. पेवांची पद्धत सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीसाठी दीर्घकाळ टिकली. २००५ च्या महापुरात तिथल्या पेवांचं मोठं नुकसान झालं.

खानदेश आणि विदर्भातला कडक उन्हाळा वाळवणाला वरदान ठरला. फाल्गुन-चैत्रापासून गच्च्यांवर आणि अंगणात खाटा, साड्या, धोतरं अंथरली जात. खानदेशात ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड, विदर्भात सरगुंडे आणि मुगाच्या वड्या, नगर-मराठवाड्याकडे बाजरीच्या खारोड्या, आणि बहुतेक सगळीकडे कुरडया, शेवया, सांडगे. शिवाय गवार, मेथी, अंबाडी, हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवायचा. हरभऱ्याचा वाळलेला पाला चुरून, पिठात घोटून केलेली भाजी भर उन्हाळ्यात, शेतात हिरवं काही नसताना भाकरीबरोबर खाता येते. गडचिरोलीकडच्या आदिवासी घरांत मोहाची फुलं वाळवून अन्न म्हणून जपली जातात. अकोले, जव्हार, मोखाड्याच्या डोंगरांत आषाढ-श्रावणात घरातला दाणा तळाला जातो, तेव्हा टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळं यांवर दिवस निघतात. ज्यांच्या घरी कणगी कधी पूर्ण भरलीच नाही, त्यांच्यासाठी रान हेच कोठार होतं, याची नोंद आपल्या पाकपुस्तकांत फारशी सापडत नाही.

दाणा का टिकतो, का किडतो

साठवणीचं सगळं शास्त्र ओलाव्याभोवती फिरतं. बुरशी आणि जंतू वाढायला पाणी लागतं. ते उन्हानं काढून घेतलं किंवा मीठ, साखर, तेल घालून त्यांच्या हाती लागू दिलं नाही, की पदार्थ टिकतो. धान्यात साधारण बारा टक्क्यांहून कमी आणि कडधान्यांत दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा असावा. दाताखाली दाणा कटकन फुटला तर तो वाळला, ही बायकांची परीक्षा म्हणजे याच ओलाव्याचं माप. ऊन दिल्यावर धान्य पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि मगच डब्यात भरायचं, कारण गरम धान्य झाकलं की आत दव धरतं आणि तिथूनच बुरशी सुरू होते.

कडधान्यांचा भुंगा बहुतेक वेळा बाजारातून किंवा शेतातूनच घरात येतो. त्याची मादी शेंगांवर आणि दाण्यांवर अंडी घालते आणि अळी दाण्याच्या आत शिरते. अख्ख्या कडधान्यापेक्षा भरडून सालं काढलेल्या डाळीला हा भुंगा कमी लागतो. म्हणून तूर, हरभरा, मूग यांची डाळ करून ठेवण्याची पद्धत स्वयंपाकाइतकीच साठवणीच्याही सोयीची आहे. एरंडेलाचा हात लावल्यानं दाण्यावर पातळ थर बसतो आणि अंडी घालणं व जगणं अवघड होतं. राखेनं किडीच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडलं जातं आणि ती सुकून मरते. कडुनिंबाचा वाळलेला पाला किडीला दूर ठेवायला मदत करतो. हे उपाय स्वस्त आहेत आणि सुरक्षितही.

धोक्याचे उपायही घराघरांत शिरले आहेत. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात ठेवण्याची सवय सोडायला हवी, कारण पारा विषारी आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात कधीच ठेवू नयेत. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू निघतो, तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. ही औषधं गोदामांसाठी आणि प्रशिक्षित माणसांच्या हाती द्यायची आहेत. तसंच बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा मका निवडून, भाजून वापरू नयेत. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून पूर्ण जात नाही आणि ते यकृताला अपाय करतं. काटकसरीची सीमा इथे संपते.

पिठाचा हिशेब धान्याहून वेगळा. अख्खी बाजरी महिनोन्‌महिने टिकते, पण तिचं पीठ काही दिवसांतच कडवट होतं, कारण दळल्यावर तिच्यातली चरबी मोकळी होऊन खवट व्हायला लागते. म्हणून बाजरी आठवड्यापुरतीच दळायची. भाजून केलेली पिठं मात्र जास्त टिकतात. भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, कुळथाची पिठी ही घरातली तयार अन्नंच आहेत. धान्य आणि डाळी आधीच भाजलेल्या असल्यानं ती लवकर शिजतात आणि इंधन वाचवतात. सातूचं पीठ तर गूळ-पाण्यात किंवा दुधात कालवलं की चूल न पेटवता खाता येतं.

कोरड्या साठ्यातून पुरं जेवण

घरात ज्वारी, तांदूळ, दोन-तीन डाळी, शेंगदाणे, तेल, गूळ, चिंच किंवा आमसूल, मिरची, मीठ आणि कांदे-लसूण असले, तर भाजीविनाही कुटुंबाचं चांगलं जेवण होऊ शकतं. ते का होतं याचं कारण साधं आहे. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळींत भरपूर असतं. डाळींत मिथिओनिन कमी असतं, ते धान्यं भरून काढतात. म्हणून पिठलं-भाकरी, वरण-भात, खिचडी, थालीपीठ, वरणफळं, कुळथाचे शेंगोळे, फुणके आणि कळण्याची भाकरी या सगळ्या जेवणांत धान्य आणि डाळ जोडीनं येतात. नुसती चटणी-भाकरी पोट भरते, पण अंगात फारसं भरत नाही. तीच चटणी शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची किंवा तिळाची असेल, तर तिच्यातून प्रथिनं, तेल आणि खनिजं मिळतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरीच्या नमुना ताटात साधारण २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. शिवाय भाज्या, फळं, दूध आणि थोडा सुकामेवा किंवा तेलबिया. हे प्रमाण आपल्या घरातल्या डब्यांशी ताडून पाहावं. चार माणसांच्या घराला महिन्याला ३० किलो धान्य लागलं, तर डाळी आणि कडधान्यं मिळून जवळजवळ १० किलो लागतात. बहुतेक घरांत हे प्रमाण खूप बिघडलेलं दिसेल. धान्य मापाबाहेर आणि डाळ पाण्यासारखी पातळ. अंगमेहनत करणाऱ्याला तर या नमुन्याहून अधिक लागतं.

कोरड्या साठ्याची मोठी उणीव म्हणजे क जीवनसत्त्व. ते वाळवण्यात आणि फार शिजवण्यात नष्ट होतं. त्यावर घरातच उपाय आहे. कडधान्य भिजवून मोड आणले, की त्यात क जीवनसत्त्व तयार होतं, आणि दाण्यातलं लोह-जस्त अडवून ठेवणारं फायटेटही कमी होतं. मटकी, मूग, हरभरा, हुलगे यांची मोडाची उसळ फार वेळ न शिजवता करावी, वरून लिंबू पिळावं. वाळलेला पाला, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम मिळतं. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, तांदळात आणि गव्हात त्याच्या जवळपासही नाही. सुक्या बोंबलात साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणून मूठभर सुकट घातलेलं कालवण गरीब घराचं पोषण बरंच वाढवतं. कोकणातला उकडा तांदूळ सालासकट उकडला जातो, तेव्हा सालाकडची काही जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात. त्याची पेज आजाऱ्यालाही चालते आणि शेतावर जाणाऱ्यालाही.

लहान मुलांचा विचार इथे वेगळा करायला हवा. मुलाचं पोट लहान असतं, पातळ पेजेनं ते भरतं पण पुरेशी ताकद मिळत नाही. त्याला तीच पेज दाट करून, तूप-तेल घालून, मुगाची डाळ किंवा भाजलेल्या दाण्यांचं कूट मिसळून, दिवसातून चार-पाच वेळा द्यावी लागते. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेलं सत्त्व शिजवलं तरी फार घट्ट होत नाही, त्यामुळे थोड्या वाट्यांतून जास्त पोषण जातं.

उरलेलं आणि शिळं

साठ्याचा दुसरा भाग म्हणजे काल शिजलेलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिला आहे. त्यात साली-बियांसारखा न खाण्याजोगा भागही मोजलेला आहे. तरीही ज्या देशात मुलांचं कुपोषण एवढं मोठं आहे, तिथे हा आकडा गंभीरपणे घ्यावा असाच आहे.

शिळ्याची सोय लावण्यात मराठी स्वयंपाकघर तरबेज आहे. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, ताकात कुस्करलेली भाकरी, उरल्या आमटीतलं थालीपीठ किंवा धिरडं, पोळीचा गूळ-तुपातला लाडू. पण यातला आरोग्याचा नियम विसरू नये. भाकरी-पोळी कोरडी असल्यानं रात्रभर बरी राहते. भात आणि डाळ ओली असतात, म्हणून ती लवकर बिघडतात. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. भात तासन्‌तास उबदार जागी राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर गार करावा, फ्रिज असेल तर दोन तासांच्या आत त्यात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवावा. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात भात मोजूनच टाकावा.

पाकिटांवरच्या तारखांमुळेही बरंच चांगलं अन्न फेकलं जातं. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख दर्जाची हमी देते: तोवर पदार्थ उत्तम राहील. ‘युज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ ही तारीख सुरक्षिततेची आहे, ती उलटल्यावर पदार्थ खाऊ नये. कोरडा रवा, शेवया, डाळ ‘बेस्ट बिफोर’च्या तारखेनंतर लगेच फेकण्याआधी वास, कीड, बुरशी पाहावी.

घडी कशी मोडली

बेगमीची रीत आळसामुळे मोडली, असं म्हणणं अन्यायाचं आहे. तिच्याखालचा आधार बदलला. पूर्वी एकाच वावरात ज्वारीबरोबर तूर, मूग, मटकी, अंबाडी, तीळ, कारळे पेरले जात. त्या शेतातून वर्षाचं ताट घरात यायचं. ऊस, कापूस आणि सोयाबीनचं क्षेत्र वाढलं तसं शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, पण घरात दाणा येईना. ज्वारीचं क्षेत्र राज्यात काही दशकांत निम्म्याहून अधिक घटलं. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला आणि भाकरीची जागा पोळीनं घेतली. आज कापूस पिकवणाऱ्या घरात तूरडाळ दुकानातून पाव-पाव किलोनं येते, आणि भाव वाढला की पहिली काटछाट तिच्यातच होते.

शहरांत जागाच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पोतं ठेवायचं कुठे आणि पापड वाळवायचे कुठे? रोजंदारीवरच्या घरात वर्षाचं धान्य एकदम घ्यायला पैसेही नसतात. सुगीत धान्य स्वस्त असतं, तेव्हाच त्यांच्या हातात भांडवल नसतं. तेच धान्य त्यांना पुढे महाग दरानं, पुड्यांतून घ्यावं लागतं. साठवण हा श्रीमंतीचा फायदाही आहे, हे मान्य केल्याशिवाय काटकसरीचे सल्ले अर्धवट राहतात.

या बदलातूनच एक चांगली गोष्टही घडली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड उभा राहिला. आज गावोगावचे महिला बचत गट कुरडया, शेवया, भाजणी, मसाले करून विकतात. घरातलं बिनपगारी कौशल्य बाजारात उतरलं आणि त्याला मोल मिळालं. ज्या घरात वाळवणाला वेळ नाही, त्या घराला बचत गटाचे सांडगे विकत घेण्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

कणगी रिकामी असते तेव्हा

घरातल्या साठ्याची मर्यादा दुष्काळानं वेळोवेळी दाखवली आहे. दुसऱ्या महायुद्धात धान्य दुर्मीळ झालं तेव्हा १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी धान्यटंचाईत सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं आणि असंख्य घरांनी ते पाळलं. १९७२ च्या दुष्काळात तर महाराष्ट्रातल्या लाखो घरांत दाणा उरला नाही. खडी फोडून, पाझर तलावांची कामं करून मजुरी मिळाली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खावी लागली, मुलांना सुकडी वाटली गेली. त्या दुष्काळात माणसं तगली याचं मोठं श्रेय या कामांना आणि रोजगार हमीची कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांना जातं. कणगी रिकामी झाल्यावर सुगरणीचं कसब कामाला येत नाही. तेव्हा हाताला काम आणि दुकानात धान्य लागतं.

आज हा आधार राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ देतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा शहरांतल्या मजूर वस्त्यांत घरातला साठा काही दिवसांतच संपला. एप्रिलपासून मिळालेलं माणशी ५ किलो जादा धान्य आणि कुटुंबाला १ किलो डाळ यांनी ज्यांच्याकडे चालू रेशनकार्ड होतं त्यांना तारलं. ज्यांचं कार्ड गावी राहिलं होतं, ते वाऱ्यावर राहिले.

या तरतुदीचा वर दिलेल्या नमुना ताटाशी मेळ घालून पाहावा. चार माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला २० किलो धान्य मिळतं. महिन्याच्या ३० किलोंच्या गरजेपुढे ते वीस दिवसांचं झालं. डाळ कायमस्वरूपी हक्क म्हणून मिळतच नाही. राज्यात २०२२ च्या दिवाळीपासून सणासुदीला ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिलं गेलं. त्याचं स्वागत झालं ते उगाच नाही. पण सणाची डाळ महिन्याची भूक भागवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली आणि १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. ज्या राज्यात पिठाचे डबे बहुधा भरलेले असतात, त्या राज्याचे हे आकडे आहेत.

श्रम कोणाचे, वाटा कोणाला

साठ्यातून घर चालवण्याची सगळी विद्या बायकांच्या हातात राहिली आणि सगळे कष्टही. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो तापलेल्या चुलीपाशी घाटायचा आणि भर उन्हात सोऱ्यानं घालायचा. धान्य निवडणं, पाखडणं, ऊन देणं, दळणं वेगळंच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. ‘घरातलं आहे ते वापरा, विकतचं आणू नका’ हा उपदेश करताना त्या वेळाचं मोल धरलं नाही, तर ती काटकसर बाईच्या जिवावर केलेली असते.

त्याहून बोचरा प्रश्न वाटणीचा आहे. टंचाईत घरधनी आणि मुलगे आधी जेवतात, मुली आणि सुना नंतर. डाळीचा घट्ट भाग आधीच वाढला जातो, उरलेलं पाणी शेवटी जेवणारीला. कालची भाकरी कुणी खायची, हे न बोलता ठरलेलं असतं. रोजचं शिळं एकाच व्यक्तीच्या ताटात जात असेल, तर घरानं अन्न वाचवलं असं म्हणता येत नाही, त्यानं एका माणसाचं पोषण कापलेलं असतं. रक्तक्षयाच्या आकड्यांमागे लोहाच्या गोळ्यांची कमतरता आहे तशी ही पंगतही आहे. उपाय खर्चाचा नाही. सगळ्यांनी एकत्र बसावं, डाळ ढवळून वाढावी, शिळं असेल तर त्याचे सारखे वाटे करावेत आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाईला आधी वाढावं.

आता काय करावं

घरापुरतं करण्यासारखं पुष्कळ आहे. डब्यांवर भरल्याची तारीख लिहावी आणि जुनं आधी वापरावं. बाजाराची यादी करण्यापूर्वी घरातली यादी करावी. धान्याच्या पोत्यापेक्षा आधी कडधान्यांचा साठा वाढवावा, कारण अडचणीच्या दिवसांत तांदूळ-गहू कुठून ना कुठून मिळतो, डाळ मिळत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस तरी मोडाचं कडधान्य असावं. डाळ-कडधान्य भिजवूनच शिजवावं, त्यानं इंधन वाचतं. दाण्याचं कूट, तीळ, जवस हाताशी ठेवावेत. निवडणं, दळण आणणं, वाळवण राखणं ही कामं पुरुषांनी आणि मुलग्यांनीही करावीत. ही मदत नव्हे, आपल्या जेवणाची जबाबदारी आहे.

दाराशी चार हात जागा असेल तर परसबाग हा साठ्याचाच भाग आहे. शेवगा, कढीपत्ता, अळू, वालाचा वेल, लिंबू यांनी कोरड्या ताटातली हिरवी उणीव भरते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं जपलं, वाटलं आणि परसबागांचा प्रसार केला. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याच्या घरात बी आहे, त्याच्या पुढच्या वर्षाच्या ताटाची सोय झाली, हे त्यांच्या कामातून महाराष्ट्राला पुन्हा समजलं. शेतकरी घरांनी नगदी पिकाच्या कडेनं का होईना, घरापुरती तूर, मूग, मटकी आणि ज्वारी पेरावी.

सरकारनं करण्याचं त्याहून मोठं आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष भारताच्या पुढाकारानं साजरं झालं. आता ज्वारी, बाजरी, नाचणी यांची स्थानिक खरेदी करून ती त्याच जिल्ह्यातल्या रेशन दुकानांतून आणि अंगणवाड्यांतून द्यावी. आणि रेशनमध्ये माणशी किमान एक किलो डाळ दर महिन्याला, सणावर न सोडता, कायद्यानं द्यावी. चार माणसांच्या घराला चार किलो डाळ म्हणजे नमुना ताटातल्या गरजेचा जेमतेम चाळीस टक्के वाटा. तरीही तो प्रत्येक महिन्याला हमखास मिळाला, तर पातळ वरणाचं घट्ट वरण होईल.

घरातल्या अन्नावर कुटुंब जगवण्याची कला आपल्याकडे भरपूर आहे, तिला आता डाळीची, वेळेची आणि समान वाट्याची जोड हवी. या आठवड्यात आपल्या घरातले डबे उघडून धान्य किती आणि डाळ किती ते मोजा, रात्री सगळे एका पंगतीला बसा, आणि पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत रेशनवरच्या डाळीची मागणी आपल्या तोंडून मांडा.